मामा लिहू लागले तेव्हा

माझे मामा यंत्रमागाच्या कारखान्यात मुकादम होते आणि तिथं त्यांना कुणी नावानं ओळखत नसे. सगळे म्हणत भोंगा. ऐंशी माग एकाच वेळी खडखडत असले की शेजारी उभ्या माणसाचा शब्द कानावर पडत नाही, म्हणून तिथले जुने कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलायला शिकतात. मामा त्या भानगडीत पडले नाहीत. ते ओरडत, आणि ऐंशी मागांच्या वर त्यांचा आवाज जाई.

अडचण अशी की पाळी संपवून घरी आले तरी तो आवाज खाली उतरत नसे. दोन खोल्यांचं घर आणि त्यात दोनच माणसं, मामा आणि मामी. मूलबाळ झालं नाही. आमचं घर मध्ये एक दार सोडून पुढचं. "मीठ!" असं मामा ओरडले की आम्हाला जेवता जेवता कळे, आज मामीचा हात आखडला. माझी आई म्हणजे मामांची धाकटी बहीण. ती म्हणायची, "दादाच्या घरचं रेडिओसारखं ऐकू येतं, फक्त बंद करायची खिटी तेवढी नाही."

मामी ब्र काढत नसे. ती दुसरीपर्यंत शाळेत गेलेली. मामा मॅट्रिक, आणि अक्षर मोत्यासारखं. भांडण कशावरूनही सुरू होवो, शेवट ठरलेला असे: "तुला काय कळतंय? अडाणी ती अडाणीच!"

आवाज बसला तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. एवढं ओरडल्यावर बसणारच. चार महिने गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या, खडीसाखर झाली, कुणीतरी सांगितलेला काढा झाला. दिवसाला दोन पाकिटं सिगारेट चालूच होती. मग एक दिवस थुंकीत रक्त दिसलं आणि मामीनं लग्नानंतर पहिल्यांदाच हट्ट धरला. डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

स्वरयंत्र काढावं लागलं. ट्रॉलीवरून आत नेताना मामांना माहीत होतं की बाहेर येतील तेव्हा आवाज नसेल. मी आणि मामी बाजूनं चालत होतो. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. मामा घोगऱ्या आवाजात मामीला म्हणाले, "पिशवी नीट धर, पाडशील." त्या तोंडचं ते शेवटचं वाक्य.

गळ्याला भोक पाडलं होतं, श्वास तिथूनच, आणि खाणंपिणं नाकात घातलेल्या नळीतून. मानेतल्या गाठी काढताना उजव्या खांद्याची शीरही गेली, त्यामुळे तो खांदा खाली लोंबल्यासारखा झाला. हाताला जोर राहिला नाही. सुरुवातीला ओठ हलवून बघितले. मामा 'पाणी' म्हणत आणि मामी बामची बाटली आणून देई. मामा डोळे वटारत, ती आणखी गोंधळे. मग नर्सनं पाटी दिली. पण खडूची धूळ गळ्याच्या भोकात गेली आणि असा खोकला उठला की दोघी नर्स धावत आल्या. बॉलपेन दाबून चालवावं लागतं, तो जोर हातात नव्हता. अक्षर उमटे ते अर्धंच. तीन शब्दांत हात थरथरू लागे आणि मामा पेन फेकून देत.

मी तेव्हा शाळेच्या ऑफिसात कारकून होते. दिवसभर दाखले आणि हजेरीपट लिहायचे. बॉलपेननं संध्याकाळपर्यंत अंगठ्याचा सांधा भरून येई, म्हणून मी पोरं वापरतात तसलं शाईपेन वापरायची. बाजारात मिळेल ते सगळ्यात स्वस्त. प्लॅस्टिकची नळी, पत्र्याची निब, ड्रॉपरनं शाई भरायची. अशा पेनात निब चांगली लागणं नशिबाचा भाग. एखादं कागद खरवडतं, एखादं खिशातच ओकतं, आणि मध्येच एखादं असं निघतं की नुसतं कागदावर टेकवलं तरी चालू लागतं. माझ्याकडे तसलं एक होतं, दोन वर्षं हाताखाली मुरलेलं. ते मी मामांना नेऊन दिलं. सोबत शाईची दौत आणि शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे पाठकोरे कागद.

मामांनी पेन बोटांत धरलं. तेवढंच करायचं होतं, दाबायचं नव्हतं. निब आपसूक सरकली. त्यांनी लिहिलं, "ही शाई आहे का गटाराचं पाणी?"

मी म्हटलं, "मामा, स्वस्तातली आहे. निबेखाली जीभ असते ना प्लॅस्टिकची, तिच्यात गाळ बसला की फिकी उतरते. धुऊन देईन."

त्यांनी पेन उलटं करून निबेखालची जीभ बघितली. मग लिहिलं, "माझी जीभ शाबूत आहे तरी मुका. हिची प्लॅस्टिकची, तरी बोलते." आणि हसले. हसण्याचा आवाज नव्हता, गळ्यातून नुसती हवा फुसफुसली.

अशी मामांची लिखापढी सुरू झाली. घरी आल्यावर खाटेवर मांडीशी एक पातळ फळी, फळीवर पाठकोरे कागद, उशीजवळ दौत. चादरीवर, सदऱ्याच्या बाहीवर, उशीच्या अभ्र्यावर निळे डाग. रोज सकाळी मामी ड्रॉपरनं शाई भरून देई. आधी निम्मी सांडायची, पुढं एक थेंबही नाही.

पण लिहिलेलं वाचणार कोण? मामी कागद खिडकीशी नेऊन अक्षराला अक्षर जोडत बसे. मामांना राग यायला क्षण पुरे, आणि तो राग वाचायला मामीला पाच मिनिटं. तिनं 'मूर्ख' जोडून होईपर्यंत मामा दमून आडवे झालेले असत. घरात कधी नव्हे ती शांतता झाली. आई म्हणाली, "रेडिओ बिघडला म्हणून आनंद मानावा तर तेही पाप."

मी रोज शाळा सुटली की अर्धा तास जाई आणि दिवसभरातले कागद मामीला वाचून दाखवी. त्यात काय काय असे! "सूप नीट गाळलं नाहीस, नळी तुंबली, मारायचा विचार आहे का." "शेजारणीशी तासभर काय खिदळत होतीस." "तुझ्या हाताला लहानपणापासून वळण नाही." मी वाचताना म्हणायची, "मामी, मामा म्हणतात, सूप जरा आणखी गाळ, नळीत अडकतं." किंवा, "शेजारीण काय म्हणत होती, विचारतात." मला वाटे, आजारी माणसाचं बोलणं, कशाला तिच्या जिवाला लावा. मामांना ऐकू येई सगळं. ते माझ्याकडे बघत, पण खोडून काढत नसत. त्यांनाही ते सोयीचं असावं.

तीन-साडेतीन महिने असे गेले. मग एक दिवस मी एक कागद उचलला. त्यावर लिहिलं होतं, "तुझ्यापेक्षा दवाखान्यातली नर्स बरी, तिला पगार तरी होता." मी वाचलं, "मामा म्हणतात, नर्सपेक्षा तू चांगलं करतेस."

मामी भांडी पुसत होती. तिनं फडकं खाली ठेवलं.

"तसं नाही लिहिलं त्यात," ती म्हणाली.

मी कागद चटकन पाठीमागे घेतला.

"मला येतं वाचायला आता. रोजचे तेच तेच शब्द, कितीदा जोडायचे? दीड महिना झाला. तू काय वाचतेस ते ऐकायचे आणि नंतर कागद बघायचे."

"मामी, अगं, तुला वाईट वाटेल म्हणून…"

"वाईट वाटायचं ते वाटू दे की. लिहिलंय एक आणि वाचायचं भलतंच, हे बरं नाही पोरी. ऐकणारं माणूस तुझ्या भरवशावर बसलेलं असतं. त्याला दुसरा आधार नसतो."

ती रागावली नव्हती, साधं बोलली आणि पुन्हा भांडी पुसू लागली. मी शरमेनं मान खाली घातली होती. वर बघितलं तर मामांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडलेला. मला वाटलं, श्वास अडकला. मी उठून गळ्याच्या भोकावरची जाळी नीट केली. त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर मामांनी लिहिणं जवळजवळ सोडलं. 'पाणी', 'नळी', 'खिडकी', एवढंच. मला वाटलं, बायको वाचायला शिकली म्हणून नाक खाली झालं. त्याच सुमारास गळ्याच्या भोकाशेजारी नवी गाठ आली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता करण्यासारखं काही नाही, घरी ठेवा. मी आत आले तर मामांनी फळीवर आधीच लिहून ठेवलं होतं, "किती दिवस?" मी दौतीचं झाकण घट्ट करू लागले. त्यांनी त्या शब्दांखाली रेघ ओढली आणि कागद उलटा केला.

चार दिवसांनी, एका दुपारी, त्यांनी तो लांब कागद लिहिला. मी पोचले तेव्हा मामी खिडकीशी बसली होती आणि कागदावर बोट ठेवून ओठ हलवत होती. मी विचारलं, "काय आहे?" मामीनं हात वर करून मला थांबवलं. पूर्ण वाचून होईपर्यंत उन्हं खिडकीतून सरकून भिंतीवर गेली. मग तिनं कागद माझ्या हातात दिला.

त्यात होतं ते असं. सव्वीस वर्षांपूर्वी मामीच्या धाकट्या भावाचं पत्र आलं होतं. मामीला वाचता येत नसे, माहेरची पत्रं मामाच वाचून दाखवत. त्या पत्रात होतं की आई जाणार, लगेच ये. तेव्हा मामांची स्वतःची आई मांडीचं हाड मोडून अंथरुणावर होती आणि तिचं सगळं मामी करत होती. "तू गेली असतीस तर माझ्या आईचं कोण बघणार होतं. मी वाचताना 'आई आता बरी आहे, काळजी नको' असं वाचलं. मला वाटलं, महिनाभर निघेल. पत्र कारखान्यात नेऊन जाळलं. बारा दिवसांनी तुझी आई गेल्याची तार आली. मी म्हटलं, अचानक गेली."

पुढचं मला माहीत होतं, आमच्या घरात ते कधीमधी निघे. मामी माहेरी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. भाऊ दारातच म्हणाला, "पत्र लिहिलं तरी पाय निघाला नाही तुझा." मामी म्हणाली, "पत्रात तर तू आई बरी आहे लिहिलं होतंस." त्यानं चार माणसांसमोर तिला खोटारडी म्हटलं आणि दार लावलं. परत आल्यावर तिनं मामांना विचारलं, तर मामा भोंग्यासारखे ओरडले, "तुझा भाऊच खोटा! पुन्हा तिथं पाऊल ठेवशील तर बघ!" ती पुन्हा गेली नाही.

मी कागद वाचून वर बघितलं. मामी शेगडीशी सूप गाळत होती, दोनदा, नेहमीसारखं. ते तिनं नळीतून घातलं. गळ्याची जाळी बदलली. उशी सारखी केली. मामांनी घाईघाईनं काहीतरी लिहून कागद पुढं केला. मामीनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

त्या दिवसापासून तिनं मामांचा एकही कागद वाचला नाही. कामात कसूर नाही. वेळेवर सगळं, हातही पूर्वीइतकाच हलका. पण कागद पुढं आला की नजर दुसरीकडे. मामा फळीवर टकटक करत, कागद तिच्या हाताला लावत, शेवटी नुसते वर धरून बसत. पाण्यासाठीही लिहिलेलं ती बघत नसे, ओठांकडे बघून अंदाजानं पाणी देई. पाणी आता तिला बरोबर ओळखू येई. खाटेखाली कागदांचा ढीग वाढत गेला. माझ्याकडे मामांनी एक कागद दिला, "तू तरी तिला वाचून दाखव." मी मामीकडे गेले.

"नको," ती म्हणाली. "कुणाच्या तोंडून ऐकायचं सोडलं मी."

"मामी, थोडे दिवस राहिलेत त्यांचे."

"माझ्या आईचेही थोडेच राहिले होते."

मी तो कागद घडी करून खाटेखालच्या ढिगात ठेवला.

एकोणीस दिवस हे चाललं. मामा खंगत गेले, नुसता हाडांचा सापळा. आयुष्यभर ज्या माणसाला ऐकून घेण्याशिवाय दुसऱ्याला गत नव्हती, त्याचं आता कुणी ऐकत नव्हतं. खरं सांगायचं तर मला दोघांचीही कीव येई आणि दोघांचाही राग येई. आई तर भावाकडे जायचीच बंद झाली. म्हणाली, "मला ते तोंड बघवत नाही. कुणाचं, ते विचारू नकोस."

विसाव्या दिवशी रविवार होता, मी सकाळीच गेले होते. मामी खाटेशी येऊन उभी राहिली. दौत उघडली, ड्रॉपरनं पेन भरलं, निब फडक्यानं पुसली आणि पेन मामांच्या बोटांत दिलं.

"ते पत्र लिहा," ती म्हणाली. "माझ्या भावाचं. होतं तसं."

मामा तिच्याकडे बघत राहिले.

"आठवत नाही म्हणू नका. आठवतंय तुम्हाला."

आठवत होतं. त्यांनी लिहायला तीन दिवस घेतले. बोटं आखडत. दोन ओळी झाल्या की डोळे मिटत. मध्येच शाई सुके, मामी निब ओली करून देई. फळी तीच धरी, पण लिहिताना कागदाकडे बघत नसे. हात टेकून राही तिथं शाई फुटून डाग पडे. तरी अक्षर कुठं कुठं अजून मोत्यासारखं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास त्यांनी पेन खाली ठेवलं. मामीनं कागद घेतला आणि तिथंच खाटेच्या कडेला बसून मोठ्यानं वाचू लागली, शब्दाला शब्द लावत, शाळेतल्या पोरांसारखी.

"ताईस. आईनं अन्न सोडलं आहे. डॉक्टर म्हणतात, आठ-दहा दिवस. ती कुणाला नीट ओळखत नाही, पण ताई आली का, असं सारखं विचारते. दारात पाऊल वाजलं की तूच आलीस असं तिला वाटतं. काल शेजारीण आली, तर तिचा हात धरून तुझ्या नावानं बोलत राहिली. शेजारीण बिचारी हो हो म्हणाली."

इथं मामी थांबली. बोट त्याच ओळीवर होतं. मग तिनं ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"मला ते बघवत नाही. तुझ्या सासूचं दुखणं माहीत आहे, पण चार दिवसांसाठी ये. भाड्याची सोय नसेल तर तशीच नीघ, इथं आल्यावर मी बघतो. पत्र मिळताच नीघ."

घरात नुसता मामांच्या गळ्यातून येणारा-जाणारा श्वास ऐकू येत होता. मामांनी पेन उचललं. वेगळ्या कागदावर वाकडंतिकडं लिहायला घेतलं, "मला मा…" मामीनं वाकून बघितलं, त्यांच्या बोटांतून पेन हलकेच काढून घेतलं आणि टोपण लावलं.

"ते नका लिहू," ती म्हणाली. "तेवढं माझ्याच्यानं वाचवणार नाही."

मामांनी डोळे मिटले. त्यांनी पुन्हा पेन मागितलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी गाठ फुटली, रक्त थांबेना. रिक्षात त्यांचं डोकं मामीच्या मांडीवर होतं आणि तिनं दोन्ही हातांनी टॉवेल दाबून धरला होता. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत संपलं होतं. मामी रडली नाही असं लोक म्हणतात. मी तिथं होते. ती रडली, पण कुणासाठी, हे मला सांगता येणार नाही.

महिन्याभरानं तिनं खाटेखालचे सगळे कागद रद्दीवाल्याला दिले, न वाचता. मी म्हटलं, "त्यात काय काय असेल, मामी." ती म्हणाली, "असेल की." ते एक पत्र तेवढं तिनं घडी करून पिशवीत ठेवलं आणि मला म्हणाली, "रविवारी माझ्याबरोबर येशील?"

तिचा भाऊ सुतार. घराच्या पुढच्या अंगातच त्याचं दुकान. आम्ही गेलो तेव्हा तो रंधा मारत होता. मान वर करून बघितलं, आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे. रंधा फळीवरच थांबला. म्हातारा झाला होता, पापण्यांवर लाकडाचा भुसा.

"बस," मामी त्याला म्हणाली. जणू घर तिचंच होतं. "वाचते ते ऐक."

तो उभाच राहिला. तिनं पत्र काढलं आणि सगळं वाचलं, आता न अडखळता. वाचून झाल्यावर त्यानं कागद तिच्या हातातून घेतला आणि निरखून बघितला.

"हे माझं आहे," तो शेवटी म्हणाला. "पण अक्षर माझं नाही."

"अक्षर यांचं. मला त्या वेळी वेगळंच वाचून दाखवलं होतं. तेच मी तुला दारात सांगितलं."

तो स्टुलावर बसला. "मी तुला खोटारडी म्हणालो. सगळ्यांसमोर."

"म्हणालास."

"कुठं आहे तो?"

"गेले. महिना झाला."

"बरं झालं," भाऊ म्हणाला आणि लगेच तिच्याकडे बघितलं. तिनं पत्र परत घेऊन त्याची घडी घातली.

त्यानं चहा केला. उठायच्या वेळी मामीनं विचारलं, "आई कुठं होती?" त्यानं कोपऱ्यात रचलेल्या फळ्यांकडे बोट केलं. "तिथं. खाट आडवी होती. तोंड दाराकडे करून मागितलं होतं तिनं." मामी फळ्यांपाशी जाऊन उभी राहिली आणि तिथून दाराकडे बघितलं. बाहेरून सायकलीवर कुणीतरी गेलं. दाराला नवी चौकट होती.

"ये अधूनमधून," भाऊ म्हणाला.

"बघू," ती म्हणाली.

पाचच्या एसटीनं आम्ही निघालो. मामी खिडकीशी बसली होती, दोन्ही हात पिशवीवर. बराच रस्ता झाल्यावर तिनं विचारलं, "किती लांब असेल गं, आपल्या घरापासून इथवर?"

"साठेक किलोमीटर," मी म्हटलं.

तिनं मनाशी काहीतरी हिशेब केला.

"दोन दिवस," ती म्हणाली. "तेव्हा गुडघे चांगले होते. चालतसुद्धा आले असते."